नकलेची तालीम

ग्वाल्हेरचा महाराज बाडा मराठी माणसाला निम्मा ओळखीचा आणि निम्मा परका वाटतो. नाव तर आपल्याच वाड्याचे. हिंदीच्या तोंडी पडून त्याचा बाडा झाला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, त्या तळाचेच पुढे ‘लश्कर’ नावाचे शहर झाले आणि गोरखी वाड्यात शिंद्यांची गादी आली. १८७४ मध्ये जयाजीरावांचा जयविलास उभा राहिला. राजघराणे तिकडे गेले, आणि गोरखीसमोरची मोकळी जागा शहराच्या वाट्याला आली. तिच्या भोवती टाउन हॉल, पोस्ट, बँक, छापखाना, व्हिक्टोरिया मार्केट असे एकेक उभे राहत गेले. ग्वाल्हेरकर पाहुण्याला इथे आणतात आणि बोट दाखवून सांगतात : सात इमारती, सात शैली. कुठे युरोपातले खांब, कुठे मोगली घुमट, कुठे राजपुती झरोके. नकलांचा एवढा थाटाचा बाजार दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही.

याच चौकातल्या केंद्रीय ग्रंथालयात एक जाड ग्रंथ जपून ठेवलेला आहे. १९५६ साली तो ग्वाल्हेरला आला. भारताच्या संविधानाची ती सचित्र प्रत. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे अक्षर आणि प्रत्येक भागाच्या माथ्यावर नंदलाल बोस व त्यांच्या शिष्यांनी काढलेले चित्र. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास लोक ती बघायला येतात, आपापल्या ओळखीच्या नेत्यांच्या सह्या शोधतात, चित्रांवरून नजर फिरवतात आणि बाहेर पडून कचोरी खातात. पण ही चित्रे काढणाऱ्या हाताला वळण लावण्यात ज्यांचा वाटा आहे, त्या भिंतींपैकी एक खुद्द शिंद्यांच्या संस्थानात होती. १९२१ साली ग्वाल्हेर दरबारानेच त्या हाताला तिथे बोलावले होते, आणि तेही नक्कल करायला.

नंदलाल बोस यांचा जन्म १८८२ चा, बिहारमधल्या मुंगेरजवळच्या खडगपूरचा. १९०५ साली ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले. वंगभंगाचे ते वर्ष. विलायती तैलरंगांनी विलायती पद्धतीची चित्रे काढणे म्हणजे विलायती कापड नेसण्यासारखेच, असे अवनींद्रनाथांच्या मंडळीला वाटू लागले होते. मोगल आणि राजपूत लघुचित्रे त्यांनी जवळ केली आणि कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांकडून ‘वॉश’ची युक्ती उचलली. रंग लावायचा, कागद पाण्यात बुडवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा लावायचा. असे करत गेले की चित्रावर धुक्यासारखा एक पडदा चढतो. नंदलालांची ‘सती’ याच काळातली. चित्र कागदावरचे, मांडीवर ठेवून काढता येईल एवढेच. देशाला दुःख होते, स्वप्न होते, आणि ते धुके दोघांनाही शोभत होते.

त्या धुक्यातून त्यांना बाहेर काढले भगिनी निवेदितांनी. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नावाच्या एक इंग्रज बाई अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला निजामाच्या मुलखात उतरल्या होत्या. त्यांच्या मदतीला नंदलाल, असितकुमार हालदार आणि आणखी काही तरुण जावेत असा निवेदितांनी आग्रह धरला. मुले गेली. मांडीवरच्या कागदाची सवय असलेले हात पहिल्यांदाच माणसापेक्षा उंच आकृतीसमोर उभे राहिले.

अजिंठ्याला तोवर नकला करणाऱ्यांची एक उदास परंपरा झाली होती. मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून मोठमोठी चित्रे उतरवली. ती लंडनला गेली आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन बसले. त्यांचेही काम लंडनला गेले, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीने त्यातला मोठा भाग खाल्ला. मूळ भिंत इथे झिजत होती आणि तिची सावली तिथे जळत होती.

ग्वाल्हेर संस्थानाकडे अजिंठ्याचे एक धाकटे भावंड होते. ते संस्थानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. राजधानीपासून पाचशेहून जास्त किलोमीटर दूर, माळव्यातल्या अमझेरा जिल्ह्यात. विंध्याच्या दक्षिण उतारावर बाघिनी नदीच्या काठी बाघ नावाचे गाव आहे आणि जवळच डोंगरात बौद्ध विहार कोरलेले आहेत. लेणी नऊ, त्यांतली निम्मी ढासळलेली. गावकऱ्यांनी त्यांना आपल्या पद्धतीने नावे दिली : पांडवांची गुंफा, हाथीखाना, रंगमहाल, पाठशाळा. १८१८ मध्ये लेफ्टनंट डेंजरफील्डने त्यांची नोंद केली आणि ती मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापली गेली. इंग्रजांच्या कागदावर बाघ प्रथम आले ते असे, मुंबईमार्गे.

अजिंठ्याचा दगड काळा आणि कणखर, बाघचा मऊ वालुकाश्म. पाणी झिरपते, थर सुटतात, खांब आपल्याच ओझ्याने बसतात. रंगमहाल आणि पाठशाळा या दोन लेण्यांसमोर एकच लांब ओसरी होती, सुमारे २२० फुटांची. तिचे खांब कोसळले, छप्पर गेले, आणि मागच्या भिंतीवरची चित्रे उन्हापावसात उघडी पडली. आत गोसाव्यांच्या धुन्यांची काजळी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या भिंतीचा जेमतेम पंचेचाळीस फुटांचा पट्टा वाचता येत होता.

पण काय पट्टा होता तो! तोंड झाकून रडणारी एक स्त्री आणि तिची समजूत काढणारी सखी. पुढे गंभीर बोलण्यात गुंतलेले चौघे. मग नाच : मधे लांब बाह्यांचा अंगरखा घातलेला नर्तक आणि भोवती फेर धरलेल्या बायका, कुणाच्या हातात टिपऱ्या, कुणाच्या झांजा, एकीकडे मृदंग. पंडितांनी त्याला ‘हल्लीसक’ असे भारदस्त नाव दिले, पण भोंडल्याचा फेर आणि टिपऱ्यांचा नाच पाहिलेल्या मराठी माणसाला पंडिताची गरज पडू नये. त्यापुढे घोडेस्वारांची दाटी, एकावर छत्र धरलेले, आणि शेवटी हत्ती. बुद्धाच्या विहाराच्या दारावर कुणी तरी आपल्या गावची मिरवणूक काढून ठेवली होती.

ग्वाल्हेरला पुरातत्त्व खाते निघाले ते १९१३ मध्ये. त्याचे प्रमुख मो. ब. गर्दे. बेसनगर, पवाया, उदयगिरी असा अफाट मुलूख त्यांच्या हाती होता. पवाया म्हणजेच जुन्या ग्रंथांतली पद्मावती, हे त्यांनी दाखवून दिले. किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल, मानसिंह तोमराने मृगनयनीसाठी बांधला म्हणतात तो, त्यांनी साफसूफ करून संग्रहालयासाठी घेतला. १९२२ मध्ये तो लोकांना खुला झाला.

महाराज माधवराव शिंदे हे यंत्रांचे वेडे. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी आजही जयविलासात दाखवतात. खऱ्या आगगाडीचीही त्यांना तेवढीच हौस. अशा राजाकडून पडक्या लेण्यांसाठी पैसा काढणे म्हणजे गर्द्यांच्या चिकाटीची परीक्षाच असणार. पण संस्थानात आणखी एक गोष्ट मुरलेली होती : आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला बोलवावे. गाड्या, इमारती, बँडबाजा सगळे तसेच आले होते. आता चित्रकार बोलवायचे होते.

१९२१ मध्ये शांतिनिकेतनहून तिघे बाघला आले : असितकुमार हालदार, नंदलाल बोस, सुरेंद्रनाथ कर. रवींद्रनाथांनी कलाभवन काढून दोनच वर्षे झाली होती. देशभर असहकाराची हवा होती. हालदारांना लेण्यांचे काम नवे नव्हते. अजिंठ्यानंतर १९१४ मध्ये त्यांनी रामगढच्या डोंगरातली जोगीमारा गुहेतली चित्रेही उतरवली होती. बाघची हकिगत त्यांनी पुढे बंगालीत पुस्तकरूपाने लिहिली.

या तिघांची नावे आज सगळ्या पुस्तकांत आहेत. पण बाघच्या नकला करणाऱ्यांच्या यादीत आणखी चार नावे आहेत आणि चारही मराठी : मुंबईचे भोसले आणि आपटे, ग्वाल्हेरचे भांड आणि जगताप. एका बाजूला बंगाल, दुसरीकडे मुंबई, आणि मधे यजमान म्हणून ग्वाल्हेर. त्या वेळच्या कलाजगतात ही साधी गोष्ट नव्हती. मुंबई आणि कलकत्ता यांचे तेव्हा उघड भांडण चालू होते. कलकत्त्याच्या मते मुंबईकर म्हणजे साहेबाची नक्कल करणारे. मुंबईच्या मते बंगाली चित्रांतल्या माणसांना हाडे नव्हती. जे. जे. मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी समोर जिवंत माणूस बसवून चित्र काढण्याची शिस्त नुकतीच पक्की केली होती आणि भित्तिचित्रांचाही वर्ग काढला होता. छायाप्रकाश, शरीरशास्त्र, तैलरंग ही मुंबईची शिदोरी. वॉश, भाव, पुराण ही कलकत्त्याची.

बाघच्या भिंतीपुढे दोन्ही शिदोऱ्या अपुऱ्या पडत होत्या. तिथल्या गालावर कुठूनही उजेड पडत नाही, म्हणून छायाप्रकाश कामाचा नाही. धुके नाही, म्हणून वॉशही कामाचा नाही. मातीच्या जाड गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरूची रेघ, मग सपाट रंग, मग पुन्हा रेघ. सारा कारभार रेघेचा. खांद्यापासून निघालेली एकच रेघ कोपरावर जराशी जाड होते, मनगटाशी सुटते, आणि एवढ्यावर हात जिवंत होतो. ती काढताना थांबता येत नाही, आणि कागद पाण्यात बुडवून चूक लपवता येत नाही.

भित्तिचित्राची नक्कल करणे म्हणजे आधी बघणे. काजळीखालची रेघ सकाळी एक दिसते, दुपारी दुसरी. पापुद्रा उडालेल्या जागी नक्कल करणाऱ्याला ठरवावे लागते : तुटलेली रेघ तुटलेलीच ठेवायची की जोडायची? जोडली तर चित्र पुरे होते आणि पुरावा खोटा. तुटलेलीच ठेवली तर हाताची ओढ आवरावी लागते. हुशार चित्रकाराला सगळ्यांत अवघड जाते ते हे, स्वतःचे काही न घालणे. महिनाभर दुसऱ्याच्या हाताने काढत राहिले की आपला हात बदलतो.

ग्वाल्हेरला हे सांगायची गरज नव्हती. ज्या घराण्याने ख्यालगायकीला वळण दिले ते या शहराचे. त्या घराण्याची सर्वांत लाडकी आख्यायिका नकलेचीच आहे. दरबारी गवई बडे मोहम्मद खाँ यांची तान हद्दू-हस्सू खाँ या भावांनी म्हणे लपून ऐकली, रोज घोटली आणि एक दिवस दरबारात जशीच्या तशी गाऊन दाखवली. पुढे तीच गायकी वासुदेवबुवा जोशांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली. गुरूसमोर बसून तोच पलटा शंभरदा गळ्यातून काढणाऱ्याला कुणी नकलाकार म्हणत नाही. त्याला तालीम म्हणतात. चित्रकाराच्या बाबतीत मात्र आपण नक्कल हा शब्द शिवीसारखा वापरतो. बाघच्या मंडळींचा गुरू पंधराशे वर्षांपूर्वी मेला होता आणि नाव मागे ठेवून गेला नव्हता. तालीम मात्र त्याच्याकडूनच चालली होती.

नंदलालांच्या पुढच्या चित्रांत या तालमीच्या खुणा दिसतात. १९२२ मध्ये कलाभवनाची धुरा त्यांच्याकडे आली. विद्यार्थ्यांना ते भिंतीकडे घेऊन गेले. शांतिनिकेतनच्या जुन्या ग्रंथालयाच्या ओसरीत चित्रे झाली. ओल्या चुन्यावर रंगवण्याची जयपुरी रीत शिकण्यासाठी नरसिंगलाल नावाच्या कारागिराला बोलावले गेले. शिकायचे तर ज्याला येते त्याच्याकडून, मग तो चित्रकार म्हणवणारा असो की गवंडी. पहिल्या पिढीच्या शिष्यांत कोल्हापूरकडचे विनायक मासोजी होते; तेही पुढे तिथेच शिकवू लागले.

१९३० च्या दांडीयात्रेनंतर नंदलालांनी गांधीजींचे लिनोकटमधले चित्र कोरले : काठी टेकत निघालेली आकृती, काळे आणि पांढरे, एवढेच. ‘सती’भोवतीचे धुके कुठल्या कुठे गेले होते. १९३८ मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी मंडप सजवला. ढोलकी वाजवणारा, कुंभार, शिंपी, पहिलवान, धान्य कांडणारी बाई. स्वतःच्या हाताची अशी ऐंशीहून जास्त चित्रे मातीच्या रंगांत, रुंद आणि भरधाव रेघेत काढली. खेडुतांनी येता-जाता पाहावीत म्हणून. बाघच्या ओसरीतला मृदंगवाला जणू खाली उतरून मंडपाच्या दारात येऊन बसला.

मग पुन्हा एक मराठी संस्थान. सयाजीराव गायकवाडांनी पूर्वजांच्या स्मृतीसाठी बडोद्यात कीर्तिमंदिर बांधले होते. त्याच्या भिंती नंदलालांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या. गंगावतरण, कुरुक्षेत्र, मीराबाई, नटीर पूजा. शिंद्यांनी त्यांना भिंतीवरून उतरवून घ्यायला बोलावले होते. गायकवाडांनी भिंतीवर चढवायला बोलावले. मधल्या अठरा वर्षांत शिष्याचा उस्ताद झाला होता. कुरुक्षेत्राच्या गर्दीत माणसे, हत्ती, घोडे एकमेकांत घुसलेले आहेत, पण नजर अडखळत नाही. बाघच्या घोडेस्वारांची दाटी ज्याने इंच इंच मोजून काढली त्यालाच गर्दीत वाट ठेवणे जमते.

आणि शेवटी संविधान. इथे जागा पुन्हा लहान झाली, पानाच्या माथ्यावरची एक पट्टी. पण मांडीवरच्या त्या जुन्या कागदासारखी नव्हे. सिंधूच्या मुद्रेवरचा बैल, लंकेहून परतणारे राम-सीता, बुद्ध, नटराज, अकबर, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह, गांधीजींची दांडी. जिथले चित्र तिथली रेघ : मुद्रेची मुद्रेसारखी, शिल्पाची शिल्पासारखी, अजिंठ्याच्या वळणाची अजिंठ्यासारखी. एकाच पुस्तकात पाच हजार वर्षांच्या हातांची नक्कल, आणि तरी सगळे एकाच घराण्याचे. महाराज बाड्याच्या सात इमारती सात शैली दाखवतात; हा ग्रंथ त्याहून जास्त दाखवतो. फरक एवढाच की इथे नक्कल करणाऱ्याने प्रत्येक शैलीची तालीम घेतली होती. कृपालसिंह शेखावत, दीनानाथ भार्गव, जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा असे शिष्य हाताशी होते. उद्देशिकेच्या पानाची सजावट सिन्हांची. एका पानावर टिपू सुलतानाबरोबर झाशीची राणी आहे. १८५८ च्या जूनमध्ये ती पडली ती ग्वाल्हेरातच. बाड्यापासून जवळच फूलबागेत तिची समाधी आहे, आणि तिचे चित्र आता शिंद्यांच्या चौकात.

बाघच्या नकला १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्वाल्हेरच्या पुरातत्त्व खात्याबरोबर ग्रंथरूपाने छापल्या. त्यात मार्शल, व्होगेल, हॅवेल यांच्या जोडीला गर्द्यांचाही लेख होता. तो पाहायला माधवराव नव्हते. १९२५ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले. हालदार त्याच वर्षी लखनौच्या कलाशाळेचे प्राचार्य झाले. सुरेंद्रनाथ करांचा हात वास्तूंकडे वळला. शांतिनिकेतनातली रवींद्रनाथांची घरे त्यांनी आखली. गर्द्यांच्या खात्याला पुढे पांडवांच्या गुंफेत ताम्रपट सापडला, माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा. त्यावरून या विहाराचे जुने नाव कळले : कलयन. ग्रंथ लंडनला छापला तरी नकला ग्वाल्हेरातच राहिल्या, गुजरी महालात. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कामाचे जे झाले ते या कामाचे झाले नाही.

भिंतीने मात्र दम सोडला. ओल वाढत गेली, रंग उडत गेले. अखेर १९८२ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उरलेली चित्रे गिलाव्यासकट काळजीपूर्वक सोडवून काढली आणि तिथल्याच संग्रहालयात ठेवली. ओसरीची भिंत आज उघडी आहे. सोडवलेल्या तुकड्यांवर पुष्कळ ठिकाणी नुसते डाग दिसतात. त्या डागांत टिपरी कुठे होती आणि झांज कुठे, हे समजून घ्यायचे तर ग्वाल्हेरला यावे लागते.

बाड्यावरच्या ग्रंथालयातली संविधानाची प्रतही नक्कलच आहे. मूळ हस्तलिखितावरून डेहराडूनला शिळाछपाईने प्रती काढल्या, त्यांतली ती एक. आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गुजरी महालात भोसले, आपटे, भांड, जगताप आणि त्या तिघा बंगाल्यांनी उतरवलेल्या बायका फेर धरून नाचत आहेत. नर्तकाच्या लांब बाह्या हवेत आहेत. एकीची टिपरी दुसरीच्या टिपरीवर पडायची अजून बाकी आहे.